चरकाच्या तोंडाशी

नाथाजी हवालदाराची सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात गेली. इंजिनं उतरवायची, खोलायची, परत चढवायची. पेन्शनीत आल्यावर त्यानं इस्लामपुरात स्टँडच्या मागं एक गाळा घेतला आणि पंप, इंजिनं दुरुस्त करत बसला. माणूस मितभाषी. बिघाड नसला की "काय झालेलं न्हाई, घिऊन जा" म्हणून यंत्र परत पाठवायचा, त्यामुळं लोकांचा त्याच्यावर भरवसा होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं साल लागलं होतं. गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. एका सकाळी माळेवाडीचा गुंडा त्याच्या गाळ्यात आला. नदीकाठचा बागायतदार गडी. त्यानं बैलांचा चरक मोडून इंजिनावरचा घेतला त्याला दोन हंगाम झाले होते.

"हवालदार, आमचा चरक बघायला यायला पायजे."

"काय बिघडलंय?"

"बिघडलं काय न्हाई. झ्याक चालतोय."

"मग?"

गुंडा रिकाम्या ड्रमावर टेकला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यो माणसाचा हात मागतोय," तो म्हणाला.

नाथाजी हसला नाही. हातातला पाना खाली ठेवून तो ऐकू लागला.

पहिल्या हंगामात गुंडाच्या भावकीतल्या नानासोची दोन बोटं गेली. ऊस वाकडा होता, लक्ष नव्हतं, असं सगळ्यांनी धरलं. गेल्या हंगामात सिद्धूचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला. सिद्धू धनगर, जतकडचा. दुष्काळात मेंढरं घेऊन नदीकाठाला आला होता आणि मेंढरं निम्मी मेल्यावर गुऱ्हाळात कामाला लागला होता. त्याच्या हातानंतर गुंडानं औंधच्या यमाईला साडी वाहिली, चरकापुढं बोकड पाडला. तरी यंदा ऊस घालायला त्या जागेवर बसायला एक माणूस तयार होईना.

"मग चरक चाललाय कसा?" नाथाजीनं विचारलं.

"सिद्धूची बायकू बसती. हरणाबाई. तिनंच मागून घेतली ती जागा. दुसऱ्याला बसू देत न्हाई." गुंडानं टोपी परत घातली. "आन बसल्यावर चरकासंगं बोलती. आमची कारभारीण, मनुबाई, म्हणती, ह्या बाईचा हात जायच्या आदी कायतर करा. मला रातीला झोप न्हाई, हवालदार."

नाथाजी दुसऱ्या दिवशी माळेवाडीला गेला. गुऱ्हाळ गावाबाहेर, नदीच्या वरच्या मळ्यात होतं. चुलवाणावर रसाची काहील उकळत होती, वाळलेली चिपाडं धडधडत जळत होती, आणि सगळ्या मळ्यावर त्या रसाचा गोड, जड वास बसला होता. छपरात इंजीन, छपराच्या भिंतीतून बाहेर आलेला पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला चरक. ऊस पिळणाऱ्या त्याच्या तीन लोखंडी लाटा एकमेकींना चिकटून फिरत होत्या. चरकाच्या लाकडी सांगाड्यालाच एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर एक बाई बसली होती. वयानं चाळिशीतली, उन्हानं काळवंडलेली, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला.

नाथाजी तिच्यासमोर बांधावर बसला आणि नुसता बघत राहिला.

ऊस घालणारा माणूस लाटांनी ऊस पकडला की हात सोडतो. वीतभर, दीड वीत अंतर राहतं. हरणाबाई सोडत नव्हती. उसाबरोबर तिचा हात पुढं जायचा, लाटांपासून बोटभर अंतरावर थांबायचा, तिथं जरा रेंगाळायचा आणि मग मागं यायचा. दर वेळी. ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. बाई दारात बसून ओळखीच्या माणसाशी बोलते तशी ती बोलत होती.

रसाचं टाकं भरलं तेव्हा इंजीन बंद झालं. एकदम शांतता पडली. नाथाजी उठून तिच्याजवळ गेला.

"हरणाबाई, मी नाथाजी. मालकांनी बोलवलंय मला, चरक बघायला. जरा उजवा हात दावा."

तिनं हात पुढं केला. तळवा घट्ट, बोटं जराशी वाकलेली, शेंड्याला पांढुरकी. नाथाजीनं कुंपणाचा बाभळीचा काटा मोडून घेतला.

"डोळं मिटा. टोचलं की सांगा."

त्यानं करंगळीला टोचलं, ती म्हणाली, "व्हय." अंगठ्याला टोचलं, तर्जनीला टोचलं, मधल्या बोटाला टोचलं. ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

"कवा टोचणार?" ती म्हणाली.

मधल्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. तिनं डोळे उघडून तो बघितला आणि पदरानं पुसला.

"तुमचा हात झोपलाय," नाथाजी म्हणाला. "ह्यी फळी चरकालाच ठोकलीया, त्याचा सगळा हादरा तुमच्या हातात उतरतोय. त्यात पहाटंपास्नं ऊस आवळून धरायचा. फौजेत असताना वर पहाडात खडक फोडायची मशीन चालवणारी पोरं बघितल्यात मी. त्यांची बोटं अशीच पांढरी पडायची. झोपलेला हात कुठवर गेला, त्ये त्या हाताला कळत न्हाई. सिद्धूचं असंच झालं आसंल."

हरणाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात झोपलाय तर मग मला त्येंचा हात कसा कळतोय?"

"कुणाचा?"

"ह्येंचा. गेलेला." तिनं लाटांकडं मान वळवली. "हतंच हाय त्यो. मी हात न्हेला की धरत्यात."

 नाथाजीनं चरकाच्या भोवती फेरी घातली. लाटा बघितल्या, दाते बघितले, पट्टा ओढून बघितला. यंत्रात खोट नव्हती. इंजीन बंद करणारा माणूस छपराच्या भिंतीपलीकडं असायचा, हाक मारली तरी त्याला ऐकू जाणार नाही, एवढं त्यानं मनात धरलं. पण बसणाऱ्याला काय होतं ते बसल्याशिवाय कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"दुपारच्याला मी बसतो," त्यानं गुंडाला सांगितलं.

हरणाबाईला ते आवडलं नाही. "त्येंला तुमची सवय न्हाई," ती म्हणाली. पण मालकापुढं ती जास्त बोलली नाही. उसाच्या मोळ्यांच्या पलीकडं, नाथाजीच्या पाठीशी, उभी राहिली.

ऊन डोक्यावर आलं होतं. सावली पायाखाली गेली होती आणि मळ्यात पाखरू हलत नव्हतं. नाथाजीनं बाह्या वर केल्या, बटणं लावली आणि ऊस घालायला लागला. सुरुवातीला त्याचं सगळं लक्ष हातावर होतं. ऊस उचल, टोक लाटांत दे, सोड. उचल, दे, सोड. फळीचा हादरा आधी बुडाला जाणवला, मग खांद्याला, मग दातांना. हळूहळू तो जाणवेनासा झाला. इंजिनाचा आवाजही लांब गेला. बोटांत मुंग्या आल्या, नंतर मुंग्याही थांबल्या. समोर ऊस येत होता आणि जात होता. आपण किती वेळ बसलोय, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग कुणीतरी त्याचा हात धरला.

धरला म्हणजे ओढला नाही. त्याच्या तळव्यात एक तळवा येऊन टेकला, एवढंच. रुंद होता, कोरडा होता. तर्जनीच्या मुळाशी कातर चालवून पडलेला जाड घट्टा त्याला स्पष्ट लागला. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. तो हात जरा थबकला, चाचपडला, अंधारात माणूस चाचपडतो तसा, आणि मग त्यानं नाथाजीची बोटं आवळली.

नाथाजीनं खाली बघितलं. त्याचा स्वतःचा हात लाटांकडं चालला होता. ते त्याला दिसत होतं. दुसऱ्याचा हात बघावा तसं तो बघत होता आणि मागं घ्यावा असं त्याच्या मनात येत नव्हतं. उलट, जावं, असं वाटत होतं. कुणी एवढ्या गरजेनं हात धरल्यावर सोडवून कसा घ्यायचा.

खांद्यावर काहीतरी सणकन बसलं. हरणाबाईनं ऊस हाणला होता. तिनं त्याला काखेत धरून फळीवरनं मागं ओढलं, दोघंही मोळ्यांवर पडले. लाटा रिकाम्या फिरत राहिल्या.

"सोडा त्येंला," ती चरकाकडं बघून म्हणत होती. "परका माणूस हाय. सोडा."

गुंडा पळत इंजीन बंद करायला गेला. नाथाजी मोळ्यांवर बसून राहिला. उजवा हात मांडीवर ठेवून तो बोटं मोजत होता.

पाणी पिऊन झाल्यावर तो उठला आणि कुणाला न सांगता सिद्धूकडं निघाला.

उरलीसुरली मेंढरं गावाच्या खालच्या अंगाला एका पडीक रानात बसवली होती. सिद्धू बांधावर घोंगडी टाकून बसला होता. अंगात पैरण, उजवी बाही खांद्याखाली गाठ मारून बांधलेली. डावा हात गुडघ्यावर होता आणि त्या हाताचाही अंगठा तसाच बाहेरच्या बाजूला वाकडा होता.  नाथाजी बांधाला टेकून उभा राहिला.

सिद्धूनं वर बघितलं. दोघांची आधी कधी गाठ पडली नव्हती.

"मगाशी तिथं तुमी बसला हुता न्हवं?" सिद्धू म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार हतं." त्यानं मेंढरांकडं बघितलं. "हात वळखीचा न्हवता. वंगणानं बुळबुळीत हुता. हरणीचा हात न्हाई, येवढं कळलं. मग सुटला."

आपण कोण, कशासाठी आलोय ते सांगून नाथाजी त्याच्याशेजारी बसला. 

"रोज कळतंय तुला?" नाथाजीनं विचारलं.

"ती बसली की कळतंय. ती नसली की त्यो हात मूठ वळून बसतोय." सिद्धूनं डाव्या हाताची मूठ वळून दाखवली. "अशी. नखं तळव्यात रुततात. उघडाय जावं, तर हात कुठाय उघडाय. दवाखान्यात सांगितलं, तर डाक्टर म्हणालं, हात न्हाई तर दुखंल कसा. पर ती तिथं बसली आन तिनं धरला की मूठ सुटती. मग मला बसल्या बसल्या डुलकी लागती."

"तुझा हात गेला तवा काय झालं हुतं?"

"दोन बोटांनी माझं मनगट धरलं." सिद्धूनं डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दोनच. मी नानासोला इचारलं मागनं. त्येची बी ह्यीच दोन गेल्यात."

नाथाजीनं आपलं मनगट चोळलं.

"सिद्धू, खरं सांग. तू तिला वडतूस का?"

 एक मेंढरू उठलं आणि परत बसलं.

"मी वडत न्हाई," तो म्हणाला. "पर धरलं की सोडवत बी न्हाई. बुडणारा माणूस दुसऱ्याला बुडवाय बघत नस्तो, हवालदार. त्यो नुस्ता धरतोय."

"तिचा बी हात जाणार मग. आज न्हाई तर पाडव्याच्या आत जाणार. मी सवता बसून आलोय."

"मला ठावं हाय त्ये." सिद्धूनं घोंगडीचा कोपरा हातात धरला आणि सोडला. "तुमी काय करायचं ते करा."

नाथाजीनं गुंडाला जे सांगितलं त्यात हाताची गोष्ट नव्हती. "चरक काय मागत न्हाई," तो म्हणाला. "खोट बसायच्या जागेत हाय. फळी चरकापास्नं तोडा, जमिनीवर बसवा. एका माणसाला पहाटंपास्नं दुपारपतोर बसवू नगा, हात झोपायच्या आत माणूस बदला. पट्ट्याला दोरी बांधून देतो, बसणाऱ्यानं वडली की पट्टा उतरला पायजे. आन तोंडाला पन्हाळ बसवतो. वरनं झाकलेली, हाताहून लांब. ऊस ह्या टोकानं घालायचा. मनात आणलं तरी हात लाटंपतोर पोचणार न्हाई."

गुंडाला एवढंच ऐकायचं होतं. नाथाजीनं इस्लामपुरात सुताराकडून पन्हाळ करून घेतली आणि बैलगाडीतनं माळेवाडीला आणली. पण बसवायच्या दिवशी हरणाबाई फळीवरनं उठेना. चरक बंद होता. तिनं दोन्ही तळवे लाटांवर ठेवले होते.

"माजा हात माजा हाय," ती म्हणाली. "गेला तर जाऊ द्या."

मनुबाई समजावून थकली. गुंडा गप्प उभा राहिला, परक्या बाईला धरून उठवणार कसं. तेवढ्यात सिद्धू आला. हात गेल्यापासनं त्यानं गुऱ्हाळात पाय ठेवला नव्हता. चरकापासून जरा अंतर राखून तो थांबला, कपाळावर घाम आला होता.

"हरणे, ऊठ."

"तुमची मूठ कोण सोडवंल?"

"मेंढरं कातरायची हायत चैतात. एका हातानं मी धरंन. कातर कोण धरंल, त्ये बोल. दोन हात तुजं, एक माजा. त्यातला आनखी एक गेल्यावर कसं करायचं?"

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं लाटांवरचा डावा तळवा काढला. उजवा काढायला तिला वेळ लागला.

पन्हाळ बसली. चरक सुरू झाला तेव्हा लोक लांबूनच बघत होते. दोन-तीन दिवसांत एकजण बसला, मग दुसरा बसला, आणि माणसं परत कामाला यायला लागली. नानासोसुद्धा येऊन मोळ्या टाकू लागला. हरणाबाईला चिपाडं वाळत घालायचं काम मिळालं. तिच्या बोटांचा रंग परत आला. "आता काटा लय टोचतो," ती मनुबाईला म्हणाली. तेवढंच.

पौष लागल्यावर नाथाजी पन्हाळीचे खिळे बघायला गेला आणि परतताना सिद्धूच्या रानाकडं वळला. सिद्धू बांधाला पाठ लावून बसला होता. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला, कपाळाची शीर तट्ट फुगलेली. थंडीतही पैरण भिजली होती. नाथाजी बोलणार, तेवढ्यात हरणाबाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आली. सिद्धूनं डोळे उघडले. त्याचा चेहरा साफ बदलला.

"या हवालदार, बसा," तो हसून म्हणाला. "हरणे, पाणी दे ह्यांला. लय उपकार झालं बगा तुमचं. पार शांत झालंया. कवाचं."

तिनं नवऱ्याकडं बघितलं, नाथाजीकडं बघितलं, पाणी दिलं आणि मेंढरांकडं गेली. ती वळताच सिद्धूनं डोकं मागं बांधाला टेकलं.

"तिला सांगू नगा," तो दातांतनं म्हणाला.

"न्हाई सांगत. लय दुखतंय?"

"नखं पार आत गेल्यात." त्यानं डाव्या हातानं गाठ मारलेली बाही आवळली. "पर ती मूठ आता कुणाला धरत न्हाई. तुमी बरं केलं."

नाथाजी तिथं बसून राहिला. त्या जागेवर बसणाऱ्याला काय काय होऊ शकतं, ते सगळं त्यानं बघितलं होतं, एक एक करून बंद केलं होतं. बांधावर बसलेला हा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता. पुण्याच्या फौजी दवाखान्यात त्यानं अशी पोरं बघितली होती, नसलेल्या पायाला हात लावू नका म्हणून ओरडणारी. त्याच्याजवळ त्यावर काही इलाज तेव्हाही नव्हता.

हंगाम संपायच्या आतच ती दोघं निघाली. सिद्धूचा भाऊ धुळा जतकडनं घोडं घेऊन त्यांना न्यायला आला. तिकडं पाऊस बरा झाला होता, चारा होता. नाथाजी त्या दिवशी गुंडाकडं नवा पट्टा चढवायला आला होता. मेंढरं रस्त्याला लागली, धुळा पुढं झाला, सिद्धू त्याच्या मागं. हरणाबाई गुऱ्हाळात मनुबाईचा निरोप घ्यायला आली आणि जाताना नाथाजीपाशी थांबली.

"आवं हवालदार, येक इचारू?"

"इचारा."

"त्येंचं खरंच शांत झालंय?"

नाथाजीनं सिद्धूला शब्द दिला होता. तो हातातल्या पट्ट्याकडं बघत राहिला. पट्ट्याची शिवण त्यानं दोनदा चाचपली. हरणाबाई उभी राहिली, त्याला पुरेसा वेळ दिला, आणि मग म्हणाली, "बरं."

ती रस्त्याला लागली. नेहमी ती सिद्धूच्या मागनं चालायची. आज झपाझप पावलं टाकत त्याच्या उजव्या अंगाला गेली, जिकडं रिकामी बाही होती तिकडं. तिचा डावा हात हळूच बाजूला झाला. बोटं वाकली, पण मिटली नाहीत. मध्ये एका तळव्याएवढी जागा राहिली.

तिच्या त्या हाताला काही लागत होतं की नाही, ते नाथाजीला इतक्या लांबून कळणार नव्हतं. त्यानं बघितलं ते एवढंच, की सिद्धू चालता चालता थबकला. तिच्याकडं वळला नाही, काही बोलला नाही. मग त्याचे वर चढलेले खांदे सावकाश खाली आले आणि तो पुन्हा चालू लागला. मेंढरांच्या धुळीत दोघं एकाच पावलानं चालली होती.

"काय बघताय, हवालदार?" छपरातनं गुंडानं विचारलं.

"काय न्हाई," नाथाजी म्हणाला. "त्ये टोक धरा हिकडं."